तटस्थ राज्यातील ख्रिस्ती जीवन : नेदरलँड्‌समधील कॅल्व्हिनपंथीयांचा प्रयोग

इ. स. १८६९ च्या मे महिन्यात नेदरलँड्‌समधील उत्रेख्त या शहरी ख्रिस्ती शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची एक सभा भरली. सभेपुढे आलेला प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगा होता. देशाच्या १८५७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याच्या तेविसाव्या कलमात, सरकारी शाळांनी मुलांना ‘ख्रिस्ती व सामाजिक सद्‌गुणांचे’ वळण लावावे, असे म्हटले होते. या कलमातील ‘ख्रिस्ती’ हे विशेषण काढून टाकावे, अशी मागणी सभेने करावी काय, हा तो प्रश्न. मागणी करणारे निरीश्वरवादी नव्हते, की चर्चचे वैरीही नव्हते. देशातील सर्वांत कट्टर प्रॉटेस्टंट पुढारी ग्रून व्हान प्रिन्स्टरर हे तिचे प्रवर्तक होते आणि उत्रेख्त येथील एकतीस वर्षांचे धर्मोपदेशक आब्राहाम कायपर हे तिचे उत्साही पाठीराखे. उलट, हा शब्द राहू द्यावा असे म्हणणारे नीकोलास बेट्‌स हेही धर्मोपदेशकच होते आणि डच साहित्यात त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. सश्रद्ध ख्रिस्ती माणसांनी कायद्यातून ‘ख्रिस्ती’ हा शब्द वगळण्यासाठी आग्रह धरावा, याचा अर्थ काय, हे उमगले म्हणजे पुढील शंभर वर्षांचा डच इतिहास बराचसा उलगडतो.

युरोपातील इहवादाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा फ्रान्सकडे वळते. तेथे १९०५ च्या कायद्याने राज्य व चर्च यांची फारकत झाली. दोन्ही पक्ष उघड होते व त्यांचा संघर्षही उघड होता. नेदरलँड्‌समध्ये असा एकच निर्णायक दिवस दाखविता येत नाही. तेथील फारकत बाताव्हियन क्रांतीनंतर, म्हणजे १७९६ मध्येच, राष्ट्रीय सभेच्या ठरावाने झाली होती आणि सुधारित चर्चचा विशेषाधिकार संपला होता. परंतु समाज पूर्वीप्रमाणेच ख्रिस्ती राहिला. राजा पहिला विलेम याने १८१६ मध्ये नवे नियम करून चर्च आपल्या शासनाच्या चौकटीत आणले, आणि शाळांतून १८०६ च्या कायद्याप्रमाणे सर्वांना चालेल असा एक सौम्य, नीतिपर ख्रिस्ती धर्म शिकविला जाऊ लागला. ज्यू मुलाला दुखवू नये, कॅथलिकाला खुपू नये आणि उदारमतवादी प्रॉटेस्टंटाला जुनाट वाटू नये, एवढे सर्व सांभाळल्यावर त्या धर्मात जे काही उरले त्याला ‘ख्रिस्ती सद्‌गुण’ हे नाव होते. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच किंवा अर्थविस्तार म्हणतात त्यांपैकी कोणतीच ही क्रिया नव्हे. याला अर्थक्षय म्हणणेच योग्य होईल. शब्द जागच्या जागी राहतो, त्याची प्रतिष्ठाही शाबूत असते, मात्र तो उच्चारल्याने कोणालाच काही करावे लागत नाही.

ग्रून यांना नेमके हेच असह्य झाले होते. इतिहासकार व राजघराण्याच्या कागदपत्रांचे संपादक म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अश्रद्धा आणि क्रांती’ या व्याख्यानसंग्रहात फ्रेंच राज्यक्रांतीचे मूळ त्यांनी राजकीय अन्यायात नव्हे तर श्रद्धालोपात शोधले होते. १८५७ चा कायदा संमत होताच त्यांनी संसदेतील जागा सोडली. हा कायदा आणणारे मंत्री व्हान डेर ब्रुगेन हे त्यांचेच एके काळचे धार्मिक सहकारी, हे त्यांचे दुःख अधिकच होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शाळा तटस्थ असेल तर तिने तसे स्पष्ट सांगावे, तटस्थ असून ख्रिस्ती म्हणविणारी शाळा ही उघड निधर्मी शाळेपेक्षा अधिक घातक, कारण तिच्यामुळे आईबापांना आपल्या मुलांचे काय हरवले याचा पत्ताच लागत नाही.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पाश्चात्त्य ‘सेक्युलर’ या शब्दासाठी मराठीत ‘इहवादी’, ‘निधर्मी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ असे तीन शब्द वापरले जातात, आणि त्यांतील भेद सूक्ष्म असला तरी खरा आहे. पहिल्यात एक जीवनदृष्टी सूचित होते, दुसऱ्यात धर्माचा अभाव, तर तिसऱ्यात राज्याने धर्मांच्या संदर्भात पाळावयाची रीत. एकोणिसाव्या शतकातील डच वादात हे तिन्ही अर्थ ‘न्यूट्राल’, म्हणजे तटस्थ, या एकाच शब्दात कोंबलेले होते. उदारमतवादी तो शब्द तिसऱ्या अर्थाने उच्चारीत आणि ग्रून व कायपर यांना तो पहिल्या अर्थाने ऐकू येई. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. तथापि तटस्थता हीसुद्धा एक भूमिका आहे, तिलाही आपली गृहीतके असतात, हा कायपर यांचा मुद्दा त्या काळी कोणाला फारसा मानवला नसला, तरी पुढे विसाव्या शतकातील तत्त्वचिंतनात तो अगदी निराळ्या गोटांतूनही मांडला गेला, हे नमूद केले पाहिजे.

आब्राहाम कायपर यांचा जन्म १८३७ मध्ये मासस्लाउस येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लायडन विद्यापीठात त्यांच्यावर स्कोल्टेन या आधुनिकतावादी ईश्वरविद्यापंडिताचा प्रभाव पडला, आणि १८६३ मध्ये बेस्ट या खेडेगावी ते उपदेशक म्हणून गेले ते त्याच मतांचे म्हणून. तेथील पीट्ये बाल्टुस नावाच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलीने नव्या उपदेशकाशी हस्तांदोलन करण्याचेही प्रथम नाकारले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. लायडनचा विद्वान तिच्यासारख्या अल्पशिक्षित गावकऱ्यांच्या चर्चेत निरुत्तर झाला, कारण त्या लोकांना पूर्वजांचा कॅल्व्हिनपंथ केवळ ठाऊक नव्हता, त्यांची सगळी जगण्याची भाषाच त्यातून आलेली होती. कायपर यांनी स्वतः १८७३ मध्ये या परिवर्तनाचा वृत्तान्त लिहिला आहे. त्यात आत्मचरित्रकाराची थोडीशी रंगत असेलही. परंतु पुढील आयुष्यात ज्यांना ते ‘क्लेने लाउडेन’, म्हणजे लहान माणसे, म्हणत आले त्या छोट्या शेतकरी, दुकानदार व कारागीर वर्गाशी त्यांचे नाते बेस्टमध्ये जडले, याविषयी शंका नाही. हा शब्दप्रयोगही त्यांनी मुद्दाम जुन्या वर्णलेखनात ठेवला होता. सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्वातंत्र्ययुद्धाचा वास त्याला यावा, हा त्यातला हेतू.

या लहान माणसांना मतदानाचा हक्क बहुतेक नव्हताच. तरीही १८७८ मध्ये काप्पेने व्हान डे कोपेलो यांच्या उदारमतवादी मंत्रिमंडळाने शाळांचा दर्जा, इमारती व शिक्षकसंख्या यांविषयीचे नियम कडक करणारा कायदा आणला, तेव्हा त्यांची संख्याशक्ती देशाला दिसली. सरकारी शाळांचा वाढीव खर्च अंशतः राज्य सोसणार होते; आईबापांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ख्रिस्ती शाळांना मात्र तोच दर्जा स्वतःच्या खिशातून गाठावयाचा होता. राजाने कायद्यावर सही करू नये अशी विनंती करणाऱ्या अर्जावर तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंटांनी सह्या केल्या. कॅथलिकांच्या स्वतंत्र अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या. राजाने सही केली ती केलीच. परंतु सह्या गोळा करताना गावोगाव ज्या समित्या बनल्या त्याच पुढल्या वर्षी, १८७९ मध्ये, स्थापन झालेल्या क्रांतिविरोधी पक्षाच्या शाखा ठरल्या. डच इतिहासातील हा पहिला सुसंघटित राजकीय पक्ष होय. आधुनिक राजकारणाचे हे साधन उदारमतवाद्यांच्या नव्हे, तर क्रांतीच्या शत्रूंच्या हातून त्या देशात प्रथम आले, यातील विसंगती कायपर यांना खटकली नाही. वर्तमानपत्र त्यांच्यापाशी आधीच होते. ‘डे स्टांडार्ड’ हे दैनिक त्यांनी १ एप्रिल १८७२ रोजी, स्वातंत्र्ययुद्धात डेन ब्रील हे गाव जिंकल्याच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, सुरू केले होते.

विद्यापीठ १८८० मध्ये आले. ॲमस्टरडॅम येथील या संस्थेचे नाव ‘व्राये यूनिव्हर्सिटाइट’, म्हणजे मुक्त विद्यापीठ. मराठी वाचकाला या नावाने दूरशिक्षणाची आठवण होणे साहजिक आहे. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ राज्य व चर्च या दोहोंच्या सत्तेपासून मुक्त, एवढाच घ्यावयाचा आहे. उद्‌घाटनाच्या भाषणात कायपर यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला : कुटुंब, शाळा, विद्या, व्यापार, कला, चर्च आणि राज्य ही प्रत्येक स्वतंत्र मंडले असून प्रत्येकाला आपापल्या मंडलात ईश्वरदत्त सार्वभौमत्व आहे; राज्याने सर्वांमध्ये न्याय राखावा, कोणाला गिळंकृत करू नये. या सिद्धान्ताचे दोन चेहरे आहेत आणि ते दोन्ही पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन होणार नाही. एका बाजूने पाहता चर्चचे राज्यावरील जुने स्वामित्व त्यात कायमचे सोडून दिलेले आहे. ख्रिस्ती राज्याची मागणीच येथे नाही. मागणी आहे ती ख्रिस्ती, ज्यू, कॅथलिक, निरीश्वरवादी या सर्वांना आपल्या श्रद्धेप्रमाणे जगण्याच्या समान सोयीची. दुसऱ्या बाजूने पाहता, खाजगी जीवनाच्या कोपऱ्यात बसून राहण्यासही हा सिद्धान्त नकार देतो. रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती आणि सोमवारी प्रयोगशाळेत वा पेढीवर तटस्थ, ही विभागणी कायपर यांना मुळीच मान्य नव्हती. या सिद्धान्ताचा एक तिसरा, काळवंडलेला चेहराही पुढे दिसला. आफ्रिकेतील लोकांविषयी कायपर यांनी लिहिलेले उद्‌गार आज वाचवत नाहीत, आणि दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर विचारवंतांनी वंशविभाजनाच्या समर्थनार्थ त्यांच्या या परिभाषेचा आधार घेतला. मंडलांचा सिद्धान्त वंशांना लावण्यास तत्त्वतः कोणतेही कारण नव्हते. पण शब्द सोयीचा होता.

राजकीय पातळीवर या मागणीचे यश निर्विवाद आहे. कॅथलिकांशी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध पूर्वजांनी ऐंशी वर्षे युद्ध केले त्यांच्याशी, आघाडी करून १८८८ मध्ये पहिले संयुक्त मंत्रिमंडळ आले. १८८९ मध्ये खाजगी शाळांना पहिले अनुदान मिळाले. १९०१ ते १९०५ कायपर स्वतः पंतप्रधान होते. अखेरीस १९१७ च्या घटनादुरुस्तीने सर्व पुरुषांना मताधिकार आणि सर्व शाळांना समान सरकारी अनुदान असा सौदा पुरा झाला. त्याला डच इतिहासकार ‘शांतता-तह’ म्हणतात. कायपर यांचे निधन त्यानंतर तीन वर्षांनी, १९२० मध्ये, झाले. त्याच वर्षी नव्या प्राथमिक शिक्षण कायद्याने समान अनुदान प्रत्यक्षात आणले. आणि गंमत अशी की सरकारी शाळांचे ‘ख्रिस्ती व सामाजिक सद्‌गुण’ त्या कायद्यातही राहिले.

या काळात चर्चमध्येही फूट पडली होती. १८८६ मध्ये कायपर व त्यांचे अनुयायी राष्ट्रीय सुधारित चर्चमधून बाहेर पडले आणि १८९२ मध्ये, १८३४ साली फुटलेल्या जुन्या गटातील बहुसंख्यांशी मिळून, त्यांनी आपले चर्च उभारले. भाषेच्या अभ्यासकाला यातील नावांचा प्रश्न फार बोधप्रद वाटेल. राष्ट्रीय चर्चचे विशेषण ‘हेरफोर्म्‌ड’, फुटीर चर्चचे ‘गेरेफोर्मेर्ड’. दोहोंचाही अर्थ ‘सुधारित’ असाच. एकात उपसर्ग देशी, तर दुसरा शब्द लॅटिन धातूशी अधिक जवळचा. कोशात हे समानार्थी शब्द ठरतील. पण डच माणसाला ‘गेरेफोर्मेर्ड’ म्हणताच एक संपूर्ण जग डोळ्यांपुढे उभे राहत असे : रविवारी दोनदा चर्च, प्रवचन लांबले की बाकावर हातोहात फिरणारी पेपरमिंटची गोळी, जेवणाच्या आधी प्रार्थना, जेवणानंतर बायबलचा अध्याय आणि पुन्हा प्रार्थना, स्वयंपाकघरात विद्यापीठासाठी नाणी टाकावयाची डबी, ख्रिस्ती शाळा, ख्रिस्ती कामगार संघ, १९२४ पासून ख्रिस्ती नभोवाणी संस्था. शेतकरी विद्यापीठाला आपले म्हणत होते आणि त्यासाठी पैसे देत होते, हे दृश्य त्या काळच्या युरोपात सामान्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास या चर्चचे सभासद देशाच्या जेमतेम नऊ-दहा टक्के होते. त्यांचा प्रभाव त्याहून कितीतरी मोठा होता.

या जगाला स्वतःची एक बोलीही होती. यशयाच्या ग्रंथातील एका उल्लेखावरून डच लोक तिला ‘कनानची भाषा’ म्हणत. तिचा पाया १६३७ चे सरकारी आज्ञेने सिद्ध झालेले बायबलचे भाषांतर. ज्या विभक्ती व जे वाक्प्रचार बोलण्यातून केव्हाच गेले होते ते या बोलीत जिवंत राहिले. ईश्वराला ‘गाय’ या भारदस्त जुन्या सर्वनामाने संबोधण्याची रीत तिच्यातलीच. घरगुती ‘याय’ ईश्वरापुढे उच्चारणे अकल्पनीय होते. मराठीत संतांनी विठ्ठलाला आणि ख्रिस्ती प्रार्थनेने स्वर्गीय पित्याला सहज ‘तू’ म्हणावे, याचे डच कॅल्व्हिनपंथीयाला नवल वाटले असते. ही बोली जाणणारा माणूस आपला, न जाणणारा परका, एवढे तिचे काम होते. आणि ते तिने चोख बजावले.

अशा समांतर जीवनव्यवस्थेला डच समाजशास्त्रात ‘स्तंभरचना’ म्हणतात. कायपर यांच्या पिढीला हा शब्द परिचित नव्हता, तो नंतरचा. कॅथलिकांचा एक स्तंभ, प्रॉटेस्टंटांचा एक, समाजवाद्यांचा एक, आणि राहिलेले उदारमतवादी. स्तंभ एकमेकांना स्पर्श करीत नाहीत पण राष्ट्राचे एकच छप्पर तोलून धरतात, ही त्या रूपकातील कल्पना. आरेंड लाइपहार्ट यांच्या १९६८ च्या ग्रंथामुळे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती जगभर माहीत झाली. योगायोग असा की, ग्रंथ बाहेर पडला तोपर्यंत वर्णिलेली वास्तू ढासळू लागली होती.

ढासळण्याची कारणे सांगताना दूरचित्रवाणी, सुबत्ता आणि तरुण पिढीची बंडखोरी यांचा उल्लेख नेहमी होतो. यात तथ्य आहे. डच दूरचित्रवाणी १९५१ मध्ये सुरू झाली आणि १९६४ पर्यंत तिची एकच वाहिनी होती. तिच्यावर प्रत्येक स्तंभाच्या संस्थेला आपला वेळ मिळे, पण संच बंद करावयाचा नसेल तर दुसऱ्याचाही कार्यक्रम पाहावा लागे. समाजवादी माणूस घरात बसून कसा बोलतो हे कॅल्व्हिनपंथीय कुटुंबाने प्रथम पाहिले, आणि तो पुष्कळसा आपल्यासारखाच निघाला. चर्चच्या दानपेटीतून होणारे गरिबांचे पोषणही राज्याकडे गेले : १९६५ मध्ये अंमलात आलेल्या साहाय्य-कायद्याने मदत हा दयेचा विषय न राहता नागरिकाचा हक्क झाला, आणि हा कायदा आणणाऱ्या मंत्री मार्गा क्लोम्पे स्वतः कॅथलिक पक्षाच्या होत्या.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण शिरगणतीचे आकडे निराळीच साक्ष देतात. १८७९ मध्ये आपण कोणत्याही चर्चचे नाही असे सांगणारे अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. १९०९ मध्ये ते सुमारे पाच टक्के झाले, १९३० मध्ये चौदा, १९४७ मध्ये सतरा. म्हणजे स्तंभांच्या ऐन भरभराटीत, शाळा-पक्ष-नभोवाणी सर्व हाती असताना, चर्चबाह्य लोकांची संख्या त्या काळच्या युरोपात उठून दिसेल अशा वेगाने वाढत होती. १९४७ ते १९६० या काळात वाढ मंदावली आणि मग जे झाले ते मोठे झाले. यावरून दोन गोष्टी दिसतात. स्तंभाने आतल्यांना आत ठेवले, पण कडेला असलेल्यांना बाहेर जाण्यास तोच भाग पाडीत होता. जेथे ‘ख्रिस्ती’ याचा अर्थ सबंध व्यवस्थेचा सभासद असा होतो, तेथे अर्धामुर्धा ख्रिस्ती राहण्यास जागा उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आत राहिलेल्यांच्या बाबतीत इहवाद भिंत फोडून आला नाही. तो दारातून, निमंत्रणाने आला.

याचा पुरावा विद्यापीठात आणि धर्मसभेत सापडतो. १९२६ मध्ये आसेन येथे भरलेल्या धर्मसभेपुढे ॲमस्टरडॅमचे उपदेशक गेलकेर्केन यांचे प्रकरण आले. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्प व त्याचे बोलणे इंद्रियगोचर वास्तव म्हणून मान्य केलेच पाहिजे काय, हा वादाचा विषय. बाहेरच्यांनी याची थट्टा केली, आणि अजूनही होते. पण प्रश्न हास्यास्पद नव्हता. तो मुळात भाषेचा होता : एखादे कथन कोणत्या प्रकारचे विधान आहे हे कोणी व कसे ठरवावे? धर्मसभेने कठोर उत्तर दिले आणि गेलकेर्केन यांना पदच्युत केले. याच समाजाने आपल्या विद्यापीठात १९३० मध्ये विज्ञानशाखा उघडली. ख्रिस्ती विद्या ही खरी विद्या असली पाहिजे, ती निकृष्ट असून चालणार नाही, हा तर कायपर यांचाच आग्रह. त्या आग्रहाचे फळ म्हणजे १९५६ मध्ये तेथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक यान लेव्हर यांनी सृष्टी व उत्क्रांती यांवर लिहिलेले पुस्तक. त्याने असंख्य सश्रद्ध वाचकांना उत्क्रांतिवादाशी सलोखा करावयास शिकविले. १९६७ मध्ये धर्मसभेने आसेनचा निर्णय बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. चाळीस वर्षांत सर्प बोलेनासा झाला, आणि त्याला गप्प करणारे लोक निधर्मी नव्हते. चर्चच्याच डबीतील नाण्यांनी शिकलेले ते विद्वान होते. ईश्वरविद्येत एच. एम. काउटर्ट यांनी पुढे जी प्रश्नांची मालिका उभी केली तीही याच विद्यापीठातून.

यात फसवणूक किंवा अधःपात पाहणारे जसे आहेत तसे मुक्ती पाहणारेही आहेत. दोन्ही मते घाईची वाटतात. कायपर यांनी आपल्या लोकांना संपूर्ण जीवन ख्रिस्ती करण्याचे ध्येय दिले, आणि त्या ध्येयाची अट म्हणून त्यांना संपूर्ण जीवनात उतरविले. वर्तमानपत्र, प्रयोगशाळा, मंत्रालय यांत उतरणाऱ्याला त्या त्या क्षेत्राचे नियम शिकावे लागतात. मंडलांचे सार्वभौमत्व खरे मानले तर विद्येच्या मंडलात धर्मसभेचे काही चालू नये, हेही त्यातून आपोआप निघते. सिद्धान्ताने स्वतःचाच निष्कर्ष गाठला.

याखेरीज ‘ख्रिस्ती’ या विशेषणाचे जे झाले ते ग्रून यांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पक्ष, कामगार संघ, रुग्णालय, नभोवाणी, क्रीडामंडळ अशा एकेका नामाला ते जोडले जाऊ लागले. कॅथलिकांच्या शेळीपालन संस्थेचे उदाहरण तर डच लोकांनी थट्टेसाठी कायमचेच राखून ठेवले आहे. शेळी कॅथलिक रीतीने पाळली म्हणजे नेमके काय होते, हे सांगणे कठीण; ती पाळणारे कोण आहेत एवढेच त्या विशेषणाने कळते. गुण सांगणारा शब्द अशा रीतीने मालकी सांगणारा झाला. १८५७ च्या कायद्यात त्याचा जसा अर्थक्षय झाला होता तसाच तो पुन्हा झाला, आणि या वेळी सरकारला दोष देण्याची सोय नव्हती.

दुसरा मार्ग कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. मुक्त विद्यापीठातील प्राध्यापक हूडेमाकर १८८६ च्या फुटीला विरोध करून १८८७ मध्ये तेथून बाहेर पडले. चर्च सबंध राष्ट्राचे आहे, निवडक श्रद्धावंतांचा तो गट नव्हे, असे त्यांचे मत होते. जर्मन अंमलाखालील वर्षांत ओलीस-छावण्यांतून व प्रतिकार-चळवळीतून निरनिराळ्या स्तंभांची माणसे एकत्र आली, आणि युद्धानंतर व्हिलेम बानिंग, बुस्केस यांच्यासारखे उपदेशक १९४६ मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षात शिरले. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती पक्षातच असले पाहिजे असे नाही, आपली श्रद्धा घेऊन त्याने सर्वांच्या पंगतीत बसावे, असे त्यांचे म्हणणे. कॅथलिक बिशपांनी १९५४ मध्ये पत्रक काढून समाजवादी कामगार संघाच्या सभासदांना संस्कार नाकारले, त्यावरून या ‘खिंडारा’ची त्यांना वाटलेली धास्ती कळते, १९६५ मध्ये ते निर्बंध मागे घ्यावे लागले. निवडणुकीत मात्र खिंडार फारसे पडले नाही, आणि बानिंग यांच्या मार्गाने गेलेल्यांची नातवंडे चर्चमध्ये अधिक संख्येने राहिली असेही दिसत नाही. म्हणून कायपर चुकले व बुस्केस बरोबर होते, असा निवाडा इतिहासाच्या आधाराने देता येणार नाही.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १९६७ च्या निवडणुकीत कॅथलिक पक्षाच्या आठ जागा गेल्या. १९८० मध्ये कायपर यांचा पक्ष आणि दोन अन्य ख्रिस्ती पक्ष एका नव्या ख्रिस्ती लोकशाही पक्षात विलीन झाले. १९९४ मध्ये, १९१८ नंतर प्रथमच, एकही ख्रिस्ती पक्ष नसलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. २००४ मध्ये राष्ट्रीय चर्च, फुटीर चर्च व लुथरपंथीय यांचे एकीकरण झाले आणि नव्या चर्चने आपल्या नावातून ‘हेरफोर्म्‌ड’ व ‘गेरेफोर्मेर्ड’ हे दोन्ही शब्द वगळून ‘प्रॉटेस्टंट’ हा शब्द घेतला. एक लहान गट जुन्या विशेषणासह बाहेर राहिला. त्याच वर्षी आलेल्या नव्या बायबल-भाषांतराने ईश्वरासाठी ‘गाय’ सोडून नेहमीच्या बोलण्यातील आदरार्थी ‘यू’ घेतला. २०१७ पर्यंत कोणत्याही धर्माचे नसल्याचे सांगणारे डच प्रौढ निम्म्याहून अधिक झाले होते.

कनानची भाषा बोलणारे आज थोडे आहेत. ती लिहिणारे मात्र अनपेक्षित ठिकाणी भेटतात. यान वोल्कर्स व मार्टेन ’ट हार्ट हे दोन कादंबरीकार अशाच कॅल्व्हिनपंथीय घरांत वाढले आणि दोघांनीही श्रद्धा टाकली. परंतु त्यांच्या गद्याची लय १६३७ च्या भाषांतराकडून आली आहे, हे डच समीक्षक वारंवार दाखवितात. जेवणानंतर रोज कानी पडलेला अध्याय, मन मोकळे झाल्यावरही, कानातून गेला नाही.

आणि शाळा राहिल्या. नेदरलँड्‌समधील सुमारे दोन-तृतीयांश मुले अजूनही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खाजगी शाळांतच जातात. त्यांपैकी काहींच्या दारावर ‘बायबल असलेली शाळा’ या अर्थाचे नाव जुन्या विभक्तिप्रत्ययासह कोरलेले आहे, जरी तो प्रत्यय १९४७ च्या लेखनसुधारणेने प्रमाण भाषेतून गेला. १९१७ मध्ये मिळविलेली ही शिक्षणाची मोकळीक विद्यमान राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात आहे. १८५७ च्या कायद्यातील वादग्रस्त कलमाचा क्रमांकही तोच होता, हा निव्वळ योगायोग. १९८८ पासून याच कलमाच्या आधारे तेथे मुसलमानांच्या आणि सुरिनामहून आलेल्या हिंदूंच्या शाळा निघाल्या आहेत. ज्या मुलांच्या पणजोबांनी भोजपुरी व अवधी बोली समुद्रापार नेल्या, त्यांना हेग शहरात सरकारी खर्चाने सरस्वतीची प्रार्थना म्हणता येते, ती ग्रून व कायपर यांच्या तीन लाख सह्यांमुळे.